सुट्टे

पालिकेच्या प्रसूतिगृहात सकाळी साडेआठला
शिरोडकर सिस्टरनं ग्लास हातात दिला.
पंचाहत्तर ग्रॅम. लिंबू पिळलेलं, तरी
लग्नातल्या सरबताच्या तळासारखं
घशाला चिकटणारं.
पाच मिनिटांत संपव, म्हणाल्या,
आणि दोन तास जागचं हलू नकोस.
ओकलीस तर परत यावं लागेल.

मी बेस्टमध्ये कंडक्टर. अकरा वर्षं
उभ्यानं जगलेली बाई.
दोन तास बसून काय करायचं असतं
मला ठाऊक नव्हतं.
भिंतीवर लसींचा तक्ता, बाकावर आम्ही सहाजणी,
कुणी डोळे मिटून उलटी दाबतेय,
कुणी पोटाशी हळूच काही बोलतेय.
गोवंडीची एक पोर, जेमतेम विशीची,
मला विचारते : मावशी, हे गोड बाळाला कळतं का?
म्हटलं, कळत असणार.
माझं बघ ना, आत नाचतंय
विनातिकीट.

एकशे अडुसष्ट.
निळ्या पेनानं लिहिलेलं, भोवती गोल.
आयुष्य आकड्यांत गेलं माझं,
पाच, दहा, पंधरा, पासवाले, मुलं अर्धी,
पण कुठल्या आकड्याभोवती
कुणी असा गोल काढला नव्हता.

आधी पथ्य, मग सुई,
आणि मुठीएवढं एक यंत्र
दिवसातून चार वेळा तिकीट मागणारं.
मधलं बोट, करंगळी, पुन्हा मधलं.
पट्टीवर थेंब, पाच सेकंदं,
की भाडं दिसतं.
सासूबाईंना ते पटलं नाही.
आमच्या वेळी नव्हतं असलं काही, म्हणाल्या.
मग बराच वेळ पालेभाजी निवडत बसल्या,
आणि देठाकडे बघत म्हणाल्या,
रोहिदासच्या आधीचा एक होता.
साडेचार किलोचा.
रडलाच नाही.

त्या दिवसापासून माझी भाकरी
त्याच मोजून वाढतात.

डोहाळजेवणात नणंदेनं दोन वाट्या पालथ्या घातल्या,
पेढा की बर्फी.
मी उजवी उचलली. खाली भाजलेले चणे.
डावीखालीही चणे.
बायका हसून हसून लोळल्या,
आणि मुलगा की मुलगी
ते तसंच राहिलं.

हल्ली मला डेपोत हलकं काम : कॅश.
गाड्यांवरून आलेल्या पिशव्या उपड्या करायच्या,
नाण्यांच्या चवडी लावायच्या.
त्या गुरुवारी सुई घेतली, डबा उघडला,
तेवढ्यात तीन गाड्या एकदम आल्या,
खिडकीशी रांग लागली. म्हटलं, एवढं करून जेवते.
त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट.
पासष्टनंतर काय येतं?
मानेवर गार घाम. नाणी पाण्याखाली गेल्यासारखी.
बोटं कुणा दुसऱ्याच बाईची.
पासष्टनंतर काय येतं हो,
मी खिडकीतल्या तडवींना विचारलं.
माणूस रागीट, हिशोबाला चोख,
रुपयासाठी भांडणारा.
त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि खिसा उपडा केला.

गोळ्या. संत्र्याच्या, पेपरमिंटच्या,
वाण्यानं सुट्टे नाहीत म्हणून
आठवडाभर त्यांच्या हातावर टेकवलेल्या.
खा, म्हणाले. चघळू नकोस, चाव.
रांगेला ओरडले, थांबा रे जरा.
कागदं सोडवून एकेक देत राहिले,
सात.

यंत्र म्हणालं, चोपन्न.
मग पंधरा मिनिटं.
प्रसूतिगृहातल्या दोन तासांपेक्षा लांब.
पोटावर हात. आत काहीच नाही.
पंख्याची घरघर, तडवींचा श्वास,
कुठल्यातरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज.
आत काहीच नाही.

एक्क्याऐंशी.
डब्यातली भाकरी मी उभ्यानंच खाल्ली.
दुसऱ्या घासाला लाथ बसली,
एकच, बरगडीखाली,
खोटं नाणं टेबलावर आपटून बघावं
आणि ते खरं निघावं,
तशी.

सहासष्ट. पासष्टनंतर सहासष्ट येतं.
तरी मी पहिल्यापासून मोजायला घेतलं.
पिशवी चोख निघाली.
तडवी सही करून गेले, मागे न बघता.

सात रुपये
माझ्याकडे बाकी आहेत त्यांचे.
सुट्टे.